कासाबाईचं समाधान

आमच्या ताडकळसच्या मंडळीत समाधानाचा विषय निघाला की माझा नवरा कासाबाईचं उदाहरण देतो. तो चर्चचा पाळक आहे, त्याला उदाहरणं लागतातच. "देवानं जिथं ठेवलं तिथंच ही बाई आनंदानं त्याची चाकरी करते," असं तो म्हणतो आणि पत्र्याच्या त्या प्रार्थनाघरात सगळे माना डोलावतात. कासाबाई मागं बसून पदराशी चाळा करते. मी तिच्याकडं बघत नाही, नाहीतर मला हसू फुटेल.

खरं काय ते मला माहीत आहे. परभणीला मुलींच्या एका वसतिगृहात तिला स्वयंपाकाचं काम मिळत होतं, राहायला खोलीसकट. पन्नाशी उलटलेली विधवा बाई. इथं तिचा धंदा मालिशचा, बाळं न्हाऊ घालायची, बाळंतिणींना शेक द्यायचा, लकवा झालेल्यांची अंगं रगडायची. त्यापेक्षा ती खोली कितीतरी बरी. पण ती गेली नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "हितून त्याचं दार दिसतंय."

तो म्हणजे सूर्यभान, समोरच्या घरातला जीपवाला.

कासाबाईची एकुलती लेक रुपाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. कळा सुरू झाल्या आणि रक्त थांबेना. अँब्युलन्स लांब कुठंतरी गेलेली. समोर सूर्यभानची जीप उभी होती, झेंडूच्या माळा लावून, कारण त्याच्या पोराचं लग्न होतं. कासाबाई त्याच्या पाया पडली. तो म्हणाला, "नवरदेवाच्या गाडीला विटाळ चालत न्हाई." रिक्षा मिळेपर्यंत व्हायचा तो उशीर झाला. पूर्णेचा दवाखाना यायच्या आधीच रुपाली गेली, पोटातल्या लेकरासकट. रिक्षात तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्या माळा आठवल्या की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

तेव्हापासून कासाबाईनं प्रभुभोजन घेतलं नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकरीचं ताट फिरतं, तिच्याजवळ आलं की ती मान खाली घालते आणि ताट पुढं जातं. माझा नवरा याला नम्रता म्हणतो. मला तिनं सरळ सांगितलं होतं, "मनात वैर ठिवून त्या ताटाला हात लावायचा नसतोय. अन् वैर तर मला सोडायचं न्हाई."

"सोडू नकोस," मी म्हटलं. पाळकाच्या बायकोनं असं बोलू नये. मी बोलले.

मागच्या वर्षी सूर्यभानला लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर त्याच्या सुनेनं, श्रद्धानं, कासाबाईला बोलावणं धाडलं. श्रद्धा त्याच लग्नातली नवरी. बाहेरगावची पोर, तिला त्या दिवशीचं कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. कासाबाई लगेच गेली. माझ्या नवऱ्याला भरून आलं, त्या रविवारचं प्रवचन संपता संपेना.

मी तिला एकटीला गाठलं. "काय करतेस गं तिथं?"

"तेल लावते. डाक्टर म्हनलाय, मालिश करताना पेशंटसंग बोलत ऱ्हावा. मी बोलायलेय की."

"काय बोलतेस?"

"रुपाली. त्याच्या कानाला तोंड लावून. हात रगडताना रुपाली, पाय रगडताना रुपाली. उठून जाता येत न्हाई त्याला, कान झाकता येत न्हाईत. डोळ्यातून पानी गळतंय. सुनेला वाटतंय, मालिश दुखायलीय."

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? देवाच्या न्यायाला वेळ लागतो, कासाबाईच्या हाताला लागत नव्हता. रोज ती तेलाची बाटली घेऊन त्या घरात शिरायची आणि मी ओट्यावरून डोळे भरून बघायची.

पण तिच्या हाताला गुण होता, घोटाळा तिथंच झाला. सूर्यभानची बोटं हलली, जीभ वळायला लागली. एका सकाळी श्रद्धा पेढे घेऊन कासाबाईच्या दारात धावत आली.

"मावशी, मामा बोलायलेत! पण एकच शब्द. सकाळधरनं नुसतं रुपाली, रुपाली करायलेत. ही रुपाली कोन हो?"

कासाबाईनं एक पेढा उचलला. ती तशीच माझ्याकडं आली, पेढा मुठीत चुरगळलेला. ओट्यावर बसली आणि हमसून हमसून रडली.

"जावयानं दुसरी केली," शेवटी म्हणाली. "आळीत कुनी तिचं नाव काढत न्हाई, माझ्यासमोर तर मुळीच न्हाई. गावात माझ्या लेकीचं नाव घेनारा आता त्यो एकलाच हाय, पाळकीणबाई."

"मग सोड त्याला. पडू दे तसाच कुजत."

"न्हाई. त्याला जगवावा लागंल."

तिनं तोंड पुसलं आणि तेलाची बाटली घेऊन समोरच्या घरात गेली. मला तिचा लय राग आला.

पुढच्या पहिल्या रविवारी ताट फिरलं. कासाबाईजवळ आल्यावर माझा नवरा सवयीनं पुढं सरकला. तिनं त्याची बाही धरली. त्याला आधी कळेना, मग त्यानं ताट खाली केलं, आणि त्याच तेलकट हातानं तिनं तुकडा उचलला.

मग ताट माझ्यापुढं आलं. मला झेंडूच्या माळा दिसल्या. मी ते पुढं जाऊ दिलं.