दोरावरची खोळ

ऑरिन टकेटनं माझ्या दोन दाढा पाडल्या, तेव्हा आमची धड ओळखही नव्हती. अमेरिकेतल्या मोआब गावात मी नुकतंच गॅरेज टाकलं होतं. माझ्या जीपच्या नाकावरच्या विंचवरचा, म्हणजे अडकलेली गाडी ओढून काढायच्या रहाटावरचा दोर दोन उन्हाळे उघडाच होता. हा धिप्पाड माणूस रस्त्यावरून सरळ आत आला, हुक धरून दहा-बारा हात दोर ओढला आणि पट्ट्याचा सुरा काढून कचकन कापला. मी "ए!" म्हणालो, एवढंच, आणि त्याचा ठोसा माझ्या जबड्यावर बसला. दुसऱ्या दिवशी तोच माणूस नवा दोर घेऊन दारात उभा. सोबत विंचवर घालायची खोळ, जुन्या तंबूच्या कापडाची, स्वतः शिवलेली.

"उन्हानं दोर कुजतो," तो म्हणाला. "तोंड कसं आहे?"

आता अशा माणसाचं काय करायचं? मी त्याला कॉफी पाजली.

त्याचा धाकटा भाऊ ड्वेन खडकाच्या उतारावर मेला होता. उन्हानं विटलेला दोर ताण येताच तुटला आणि जीप मागं घसरून ड्वेनवरून गेली. विंचचं बटण ऑरिनच्या हातात होतं. तेव्हापासून ऊन त्याचा वैरी झालं आणि उघडा दोर ठेवणारा प्रत्येक माणूसही. कापलेले तुकडे तो हुकासकट आपल्या जीपच्या मागच्या दांडीला लटकवायचा, लोकांना दहशत बसावी म्हणून. या मारामाऱ्यांपायी तुरुंगात जाऊन आला. बायको सोडून गेली. उरली एक मुलगी, टॅन्सी, बापाइतकीच तापट. तो जगत होता तो तिच्यासाठीच.

ईस्टरच्या आठवड्यात खडकांवर जीप चढवायला लोक येतात आणि गावात जीपच जीप होतात. अशाच एका सकाळी मी सोबत असताना पेट्रोल पंपावर ऑरिननं एक दोर पाहिला. कधीकाळी नारिंगी असावा, आता राखाडी झालेला. त्यानं सुरा काढला. दोराचा मालक किप हॅल्वर्सन पंपाच्या दुकानातून बाहेर येईपर्यंत काम झालं होतं.

"अरे, रंग उडालाय त्याचा, ताकद नाही!" किप ओरडला. "दर फेरीनंतर धुतो मी तो. तू धुतोस का कधी तुझा?"

"माझ्या दोराला उन्हाचं नखही लागलेलं नाही."

"मग सडव त्याला त्या लंगोटात!"

खोळीला लंगोट म्हटल्यावर ऑरिननं त्याचं नाक फोडलं. किपनं चाकाचा पाना उचलून त्याच्या बरगड्यांवर हाणला. दोघं डांबरावर लोळले, एकमेकांचे केस धरून. मी मध्ये पडलो तर माझ्याही कानशिलात बसली, कुणाची ते अजून कळलेलं नाही. पोलिसांनी दोघांना वेगळं केलं आणि ताकीद देऊन सोडलं. ऑरिन रक्त थुंकला, दोराचा तुकडा दांडीला बांधला आणि म्हणाला, "चला, टॅन्सी वाट बघतेय."

वर खडकांत टॅन्सीची जीप पुढं होती. एका उंच पायरीवर चढताना तिची मागची चाकं सुटली आणि जीप कड्याच्या अंगाला घसरून एका कपारीत अडकली. खाली नुसती दरी. ऑरिन दुसऱ्या वाटेनं वर पोचला, खोळ ओढून काढली. आतला दोर निळाशार, दुकानातून आणल्यासारखा. त्यानं हुक खाली सोडला, टॅन्सीनं तो अडकवला.

"बाबा, हळू!"

दोर ताणला गेला आणि त्यातून लाल धूळ उडाली. पिळापिळातून भुरभुर गळत राहिली. किती वर्षांची रेती त्या खोळीखाली दोरात शिरली होती, आणि प्रत्येक ओढीला आतून धागे कापत होती! मी "थांब!" म्हणून ओरडलो. तोवर दोर तुटला. जीप एक पायरी खाली आदळली, दार चेपून तिच्या पायावर आलं, आणि टॅन्सीची किंकाळी आली. तशी किंकाळी मी पुन्हा ऐकलेली नाही.

तेवढ्यात मागं गाडी थांबली. किप. पाना हातात घेऊन उरलेला हिशेब चुकता करायला आला होता. त्यानं खाली पाहिलं आणि पाना टाकून दिला.

"माझा दोर पुरणार नाही," तो म्हणाला. "बारा हात तुझ्या दांडीला आहे."

ऑरिननं तो तुकडा सोडून आणला. त्याची गाठ दोनदा सुटली, तेव्हा किपनं तो हिसकावून घेतला आणि स्वतः गाठ मारली. किपच्या नाकातलं रक्त गाठीवर टपकत होतं.

"टिकेल ना?" ऑरिन म्हणाला. त्याला विनवणी करताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"अख्खा असता तर डोळे मिटून सांगितलं असतं. आता गाठ आहे. गाठीचं मी सांगत नाही."

तो राखाडी दोर कुरकुरला, गाठ आवळली गेली, आणि जीप वर आली. टॅन्सीचा डावा पाय वाचला नाही. बापाचा दोर तुटला नसता तर ती दोन्ही पाय घेऊन वर आली असती. हे ऑरिनला कुणीही सांगितलं नाही, पण त्याला ठाऊक होतं. इस्पितळाच्या आवारात त्यानं किपला म्हटलं, "मार मला." किपनं नाही म्हणून मान हलवली आणि गाडीत जाऊन बसला. मग ऑरिननं भिंतीवर स्वतःचीच मूठ इतकी हाणली, की दोन बोटं मोडली.

आता दर शनिवारी माझ्या गॅरेजात बापलेक लोकांचे दोर धुतात. तो बादलीत उतरवतो, ती पीळ उकलून रेती काढते. सुकल्यावरच खोळ घालायची, हा तिचा नियम. कुणी म्हणालंच, की धुवायचं कशाला, तर ऑरिनची मूठ अजूनही वळते. मग टॅन्सी कुबडी उचलते आणि बापाच्या नडगीवर हाणते. जोरात हाणते. तो बादलीकडे वळतो. मी मध्ये पडत नाही.