ब्रेकबाई गाडी बघतात

शिकाऊ मंडळी त्यांना पाठीमागे ब्रेकबाई म्हणत, आणि बाईंना ते पक्कं ठाऊक होतं. गाडी शिकवणाऱ्या माणसाच्या पायाशी दोन जादा पेडल असतात, एक क्लचचं आणि एक ब्रेकचं. शिकाऊ उजवीकडे बसून स्टिअरिंगशी झटापट करत असतो. शिकवणारा डावीकडे बसतो आणि शेजारचा चुकणार असं दिसलं की तो चुकायच्या आत आपला ब्रेक दाबतो. बाईंचा पाय या कामात इतका तयार होता, की त्यांच्या हाताखालून गेलेल्या एका वकिलाला आपण नेमकं काय चुकणार होतो ते शेवटपर्यंत कळलं नाही. तो लायसन मिळाल्यावर पेढे द्यायला आला, तेव्हाही तेच विचारत होता.

ॲक्सिलरेटर मात्र डावीकडे नसतो. शिकवणाऱ्याला गाडी थांबवता येते, पळवता येत नाही. इतक्या वर्षांत बाईंना याचं काही वाटलं नव्हतं आणि त्या गाडीनं डोकं खाल्लं नसतं तर पुढेही वाटलं नसतं.

बाई ज्या गल्लीत रिव्हर्स शिकवत, तिच्या तोंडाशी एक शोरूम होतं. शिकाऊ मान मागे वळवून, जीभ दातांत धरून गाडी मागे घेत असायचा आणि बाईंची नजर त्या काचेवर जायची. आत एक गर्द हिरवी गाडी उभी होती. बुटकी, रुंद, दबा धरून बसलेल्या मांजरासारखी. बाईंना प्रश्न पडायचे. इतकी खाली बसलेली गाडी खड्ड्यात काय करत असेल? एवढी ताकद सिग्नलला उभी राहून कंटाळत नसेल? ही घेणारी माणसं भाजी कशातून आणतात, की भाजी खातच नाहीत? आणि सगळ्यांच्या मागून एक प्रश्न चोरपावलांनी यायचा: ही चालवताना कसं वाटत असेल?

नुसतं कुतूहल म्हणून ते सोडूनही दिलं असतं, पण घरात गाडी घ्यायचीच होती. जुनीनं अंग टाकलं होतं. शिकवायची गाडी ड्रायव्हिंग स्कूलची, ती संध्याकाळी स्कूलमध्येच राहायची. बाईंचे यजमान दात बनवायचे. म्हणजे दाताचे डॉक्टर माप पाठवायचे आणि हे घराच्या मागच्या खोलीत बसून कवळ्या तयार करायचे. त्यांनी मनातल्या मनात एक पांढरी, उंच, शहाणी गाडी ठरवून टाकली होती. आईला, म्हणजे बाईंच्या सासूबाईंना, आठवड्यातून दोनदा गुडघ्यांच्या व्यायामाला न्यावं लागे आणि उंच गाडीत त्यांना चढ-उतार सोपी पडे. यात नाव ठेवायला जागाच नव्हती. बाईंना त्याचीच चीड येत होती.

"ती हिरवी?" हातातली कवळी खाली ठेवत यजमान म्हणाले. "अगं, जन्मभर तू लोकांना हळू, हळू म्हणत आलीस. तुझ्या शिकाऊंनी तुला त्यात बघितलं तर फी परत मागतील."

"मी घेते म्हटलं का? बघते म्हटलं."

"बघते म्हणणारेच घेतात. माझ्याकडे नुसते दात बघायला आलेला माणूस आजवर रिकाम्या तोंडानं परत गेलेला नाही."

सासूबाई दाराशी खुर्चीत बसून पाय लांब करत होत्या. "मागे किती जण मावतात?" त्यांनी विचारलं.

"दोन," यजमान म्हणाले. "पाय घरी ठेवून आले तर."

बाई फणकाऱ्यानं उठल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, दोन शिकाऊंच्या मधल्या वेळात, शोरूममध्ये जाऊन उभ्या राहिल्या. तिथे एक टाय लावलेले गृहस्थ होते. चाळिशी उलटलेले, अतिशय अदबशीर, टाय जरा जास्तच घट्ट. त्यांनी गाडीचं वर्णन सुरू केलं, आणि बाईंनी "चालवून बघता येईल का?" असं विचारून ते मध्येच तोडलं. टायवाल्यांनी चाचणीची गाडी बाहेर काढली, खाली उतरून दार उघडं धरलं, आणि बाई पलीकडून जाऊन डाव्या बाजूला बसल्या. पट्टा लावला. आरसा आपल्या बाजूला वळवून घेतला. मग समोर बघत म्हणाल्या, "चला. आधी आरसे बघा."

आता गिऱ्हाईकाला कसं सांगायचं? टायवाले क्षणभर दार धरून उभे राहिले आणि मग निमूटपणे चालवायला बसले. फाटकातून निघताना त्यांनी डावीकडे बघितलं नाही. बाईंनी ते त्यांच्या लक्षात आणून दिलं. पुढच्या चौकात त्यांनी इंडिकेटर उशिरा दिला, तेही दाखवून दिलं. खांदे सैल सोडायला सांगितले. परत येईपर्यंत टायवाल्यांचं चालवणं खरोखर सुधारलं होतं, आणि त्यांनी मनापासून आभार मानले. बाई समाधानानं पुढच्या शिकाऊकडे गेल्या. आपण गाडी चालवलीच नाही हे त्यांना संध्याकाळी, भाजी चिरताना कळलं.

"कशी आहे गाडी?" सासूबाईंनी विचारलं होतं.

"बरी चालवतो तो," बाई म्हणाल्या, आणि सुरी तशीच हातात राहिली.

यजमान इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. बाईही हसल्या. पण रात्रीची भांडी आवरताना ते हसू उतरलं. आपण शेवटची गाडी आपल्यासाठी कधी चालवली? दवाखाना, बाजार, स्टेशन, सगळं केलं होतं. पण चालवावंसं वाटलं म्हणून? आठवेना. आपल्या उजव्या पायात अजून काही शिल्लक आहे का, की आपण आता नुसत्या ब्रेकच उरलो आहोत? गाडी घ्यायची की नाही हा प्रश्न बाजूलाच राहिला. बाईंना या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं, आणि ते त्या गाडीशिवाय मिळणार नव्हतं.

त्या पुन्हा गेल्या तेव्हा टायवाले ओळखीचं हसले. त्यांनीच सुचवलं, "मॅडम, एक अख्खा दिवस घेऊन जा. रोजची कामं करून बघा. आणि... या बाजूनं बसा."

बाई उजवीकडे बसल्या. बसल्या म्हणजे, खाली खाली जात राहिल्या आणि मग एकदाची सीट लागली. गाडी ऑटोमॅटिक होती. क्लच नाही, डाव्या पायाला काम नाही.

रोजची कामं त्यांनी चोख केली. डॉक्टर पेशंट तपासतात तशी गाडी तपासली. भाजीबाजाराच्या गल्लीत गाडीभोवती पोरं जमली आणि कोथिंबिरीवालीनं आज भाव कमी करायला साफ नकार दिला. पिशव्या मागे मावल्या, पण टोमॅटो वर ठेवावे लागले. मागची काच पत्राच्या पेटीच्या फटीएवढी. प्रत्येक खड्डा पाठीच्या मणक्याला येऊन नाव सांगून जात होता. स्पीडब्रेकर आला की गाडी तिरकी घालावी लागे, आणि तरी घराच्या फाटकापाशी खालून 'खर्र' असा आवाज आलाच. मागच्या खोलीतून यजमानांनी खिडकी उघडून बघितलं आणि काही न बोलता लावून घेतली. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

हे सगळं नापास करायला पुरेसं होतं. पण एका गोष्टीचं बाईंना राहून राहून नवल वाटत होतं, आणि तिचा वेगाशी संबंधच नव्हता. गर्दीत, बैलाच्या चालीनं जातानाही, ही गाडी सांगितलेलं तिथल्या तिथे ऐकत होती. स्टिअरिंग जरासं वळवलं की गाडी वळलेली असे. शिकाऊंना बाई सांगत "डावीकडे घ्या," मग ते ऐकत, घाबरत, मग डावं कुठलं ते आठवत आणि मग घेत. बाईंचं आयुष्य त्या उशिरात गेलं होतं. मधे कुणीच नसलेली गाडी कशी असते हे त्या विसरूनच गेल्या होत्या.

दुपारी सासूबाईंना व्यायामाला न्यायचं होतं. त्यांना आत बसवणं सोपं गेलं, कारण शेवटचा टप्पा त्यांनी नुसता सोडून दिला. "बसले बाई," त्या म्हणाल्या. "उठायचं उठायच्या वेळी बघू."

परत येताना बाईंनी मुद्दाम बाहेरचा रस्ता धरला. रुंद, सरळ, दुपारचा रिकामा. जे काय आहे ते इथे कळणार होतं. बाईंनी उजवा पाय टेकवला, गाडी नुसती हुंकारली, आणि पाय आपोआप वर आला. पुन्हा टेकवला, पुन्हा वर आला. एक दूधवाला मोटारसायकलवरून पुढे गेला आणि जाता जाता या एवढ्या गाडीकडे दयेनं बघून गेला.

"बिघडली का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही, आई."

"मग डाव्या पायानं काय दाबतेस?"

बाईंनी खाली बघितलं. डावा पाय, तिथे काही नसताना, गाडीच्या तळाला जीव खाऊन दाबत होता. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"मला भीती वाटते, आई," त्या म्हणाल्या. म्हटल्यावर त्यांचं त्यांनाच नवल वाटलं, कारण हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. "गाडीची नाही. उजवीकडच्या माणसाची. तो आता चुकणार, असंच वाटत राहतं. आणि आज उजवीकडे मीच आहे."

"मी उतरले असते," सासूबाई म्हणाल्या, "पण मला उतरता येत नाही."

बाईंना हसू फुटलं. एवढ्या घाबरट माणसांना आपण रस्त्यावर आणलं, ते कसं? त्यांच्याशी बोलून. सतत, शांत आवाजात, पुढचं एकच काम सांगून. मग या उजवीकडच्या बाईनं काय घोडं मारलंय? त्यांनी इंजिन सुरू केलं आणि शिकाऊला सांगतात तसं मोठ्यानं सांगायला लागल्या.

"आरसे बघा. मागे कुणी नाही. खांदे सैल. डावा पाय उचला, बाजूला ठेवा. तो तुमचा नाही. हं. रस्ता मोकळा आहे. आता द्या." गाडी सुटली. पाय वर यायला बघत होता. "घाबरू नका, तुम्हाला येतं. द्या. अजून द्या."

हे शेवटचे दोन शब्द त्या आयुष्यात पहिल्यांदा म्हणत होत्या. गाडीनं मागून असा काही धक्का दिला की सासूबाईंची पाठ सीटला चिकटली, मागे विसरलेल्या पिशवीतले टोमॅटो गडगडले, आणि थांबत थांबत चाललेला मघाचा दूधवाला आला आला म्हणेपर्यंत मागे पडला. मग वेगमर्यादेची पाटी आली. बाई कायद्याच्या पक्क्या. काटा पाटीवरच्या आकड्याला टेकला तसा त्यांनी पाय हलका केला, आणि गाडी त्या आकड्यावर शांतपणे धावत राहिली. मजा म्हणाल ती एवढीच. एक मोठा श्वास घ्यायला लागतो तेवढा वेळ. बाईंना वाटलं, रोजच्या रस्त्यावर असा श्वास दिवसातून एकदा मिळाला तर मिळणार. त्याच्यासाठी खड्डे, खर्र, टोमॅटो, हे सगळं सोसायचं? विचार करत त्या घरापर्यंत आल्या. डावा पाय कुठे आहे याची त्यांना वाटेत एकदाही आठवण झाली नाही.

फाटकात मात्र पंचाईत झाली. सासूबाई उठेनात. बाईंनी हात धरून ओढलं, मग यजमान प्लास्टरनं पांढरे झालेले हात झटकत आले आणि त्यांनी काखेत हात घातले. सासूबाई दोनदा अर्ध्यापर्यंत येऊन परत बसल्या. शेवटी बाहेर आल्या तेव्हा तिघांनाही घाम फुटला होता. बाईंचा चेहरा पडला. हे आठवड्यातून दोनदा करायचं, आणि तेही आपल्या हौसेपायी? नाही. त्यांनी मनात गाडी परत केली सुद्धा.

"झालं," यजमान मऊपणे म्हणाले. त्यांनाही बायकोचा चेहरा दिसत होता. "आईच्या गुडघ्यांनी निकाल दिला. पांढरी बघू."

"माझ्या गुडघ्यांना कुणी विचारलंय?" सासूबाई फाटकाला धरून धापा टाकत म्हणाल्या. "दवाखान्याला टॅक्सी आहे, मी टॅक्सीनं जाईन. मानेचं काय ते बोला."

"मानेला काय झालं?" बाई घाबरल्या.

"आज काही झालं नाही, तेच सांगतेय. इतकी वर्षं तुझ्या शेजारी बसते मी. रिकाम्या रस्त्यावर ब्रेक. कुणी झाडाखाली नुसतं उभं असलं तरी ब्रेक. घरी आले की शेक घ्यायचा. बोलले नाही कधी, म्हटलं धंदाच तो तुझा. आज त्या बाहेरच्या रस्त्यापासून इथपर्यंत तू एकदाही विनाकारण दाबला नाहीस." त्यांनी श्वास घेतला. "एरवी तू आम्हाला थांबवत थांबवत घरी आणतेस गं. आज तू गाडी चालवत आणलीस."

बाईंना आधी राग आला, मग लाज वाटली. मग डोळे भरून आले. यजमान एकदा आईकडे, एकदा बायकोकडे बघत उभे राहिले. "मी टॅक्सीवाल्याचा नंबर घेऊन ठेवतो," एवढंच ते म्हणाले आणि आत गेले.

संध्याकाळी बाईंनी गाडी परत नेली. टायवाले गाडीभोवती एक चक्कर मारून, खालचा ओरखडा न दिसल्यासारखं करून जवळ आले.

"तशीच एक माझ्यासाठी सांगा," बाई म्हणाल्या.

टायवाल्यांना आनंद लपवता येईना, पण माणूस सरळ होता. "मॅडम, रोजच्या वापराला घेताय म्हणून विचारतो. घरी सगळ्यांना नीट विचारलंत ना?"

"सगळ्यांना विचारलं," बाई म्हणाल्या. "आणि चालवणारीला पण विचारलं. तिला इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं."