मानाचे पास मिळणार नाहीत

"दोनच पास हवेत हो. मागे कुठेतरी बसू आम्ही."

"पास नाहीत, सर."

"नाहीत म्हणजे? संपले?"

"काढलेच नाहीत."

"अहो, मग कार्यक्रमाला येणार कोण?" असं विचारून त्या गृहस्थांनी फोन ठेवून दिला. सकाळपासून मला असे फोन येत होते. गृहस्थांचा प्रश्न रास्त होता. मलाही तोच पडला होता.

मी कार्यक्रमांचा व्यवस्थापक आहे. नाटक, गाण्याचा कार्यक्रम, एकपात्री, कशाचंही वावडं नाही. हॉल ठरवायचा, तिकिटं विकायची, दाराशी उभं राहायचं आणि शेवटी दिवे बंद करून किल्ली परत द्यायची. पास म्हणजे फुकटचं तिकीट, हे पुणेकरांना सांगायची गरज नाही. आमच्या धंद्यात पास हे औषध आहे. बुकिंग थंड असलं की आदल्या दिवशी ओळखीपाळखीत पास वाटायचे, एखाद्या हॉस्टेलवर निरोप धाडायचा आणि खुर्च्या भरून टाकायच्या. याला आम्ही हाउस भरणं म्हणतो. रिकाम्या खुर्च्या बघून भल्याभल्यांचा आवाज बसलेला मी पाहिला आहे.

हा कार्यक्रम होता रेणुका वानखडेचा. मूळची अमरावतीची, शिक्षणाला पुण्यात आली आणि इथलीच झाली. धायरीत राहते. आयटीत चांगली नोकरी होती. ती सोडून पूर्णवेळ लिहायला लागली, त्याला दीड-दोन वर्षं झाली होती. तिला कर्वेनगरमधल्या एका लहान हॉलमध्ये रविवारी सकाळी स्वतःची दीर्घकथा वाचायची होती. एकटीने, तिकीट लावून. आणि अट अशी की पास एकालाही द्यायचा नाही.

"मॅडम, टीव्हीवरचे नट वाचणार असतील तर लोक तिकीट काढतात," मी म्हणालो. "लेखक स्वतः वाचणार असेल तर लोक म्हणतात, हॉलला पंखे आहेत ना? झोप तरी लागेल."

ती हसली नाही. "काका, जुन्या कंपनीने परत बोलावलंय. मंगळवारी उत्तर द्यायचंय. साठवलेलं संपत आलंय. माझं लिहिलेलं ऐकायला कोणी पैसे देतं का, एवढंच मला एकदा बघायचंय. तुम्ही हाउस भरलंत तर मला सगळं खोटंच दिसेल ना."

म्हणजे रविवारच्या हॉलवर तिची नोकरी ठरणार होती. हे कळल्यावर मी वहीत 'पास नाहीत' असं लिहून घेतलं. कलाकाराची हौस मी बदलू शकतो, हिशोब बदलू शकत नाही.

पहिली अडचण हॉलच्या मालकांचीच आली. हॉल एका जुन्या संस्थेचा. तिचे कार्यवाह खासनीस मला ऑफिसात बोलावून म्हणाले, "पहिली रांग आमची असते. ठाऊक आहे ना?"

"या वेळी विकली आहे, साहेब."

"कोणाला?"

"ज्यांनी पैसे दिले त्यांना."

खासनीसांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आपण व्यवस्थापक आहात. त्या बाईंना समजावून सांगा. मानाचा पास हा पैशाचा प्रश्न नसतो, रीतीचा असतो."

मी तो निरोप रेणुकाला जसाच्या तसा दिला. ती म्हणाली, "मग रीत म्हणून त्यांनी तिकीट काढावं." हा निरोप मात्र मी जसाच्या तसा दिला नाही. तरी खासनीसांना जे कळायचं ते कळलं आणि आपण रविवारी बाहेरगावी असल्याचं त्यांनी कळवलं.

आमच्याकडे प्लॅन नावाचा एक कागद असतो. हॉलमधल्या सगळ्या खुर्च्या त्यावर चौकोनांत मांडलेल्या असतात आणि विकलेल्या खुर्चीवर काट मारायची. शनिवारी दुपारी प्लॅन पुढे घेऊन बसलो तर निम्म्याहून जास्त चौकोन कोरे. कार्यक्रम तिचा असला तरी पडलेला प्रयोग व्यवस्थापकाच्याही नावावर जमा होतो. मी तिला फोन लावला.

"शेजारच्या हॉस्टेलमधली थोडी मुलं बोलावतो. मागच्या रांगांत बसतील. कोणाला कळणारही नाही."

"मला कळेल ना."

"रिकाम्या खुर्च्या वाईट दिसतात हो."

"दिसू द्या, काका. त्याच बघायच्या आहेत मला."

रविवारी पहिली घंटा व्हायच्या आधी देवधर सर आले. निवृत्त प्राध्यापक, हातात काठी, सोबत पत्नी. सरांच्या घरी महिन्यातून एकदा वाचनकट्टा भरतो. रेणुकाने तिथे बऱ्याच कथा वाचल्या होत्या, हीसुद्धा. सर तिचे पहिले श्रोते, म्हटलं तर गुरूच. ते माझ्या टेबलाशी थांबून म्हणाले, "देवधर. यादीत नाव असेल."

"सर, यादी नाही."

"मी तिची पहिली गोष्ट ऐकलेली आहे."

"हो सर. त्या दिवशी तिकीट नव्हतं."

हे माझ्या तोंडून गेलं आणि मलाच कसंतरी झालं. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की कॉलेजात मागच्या बाकावरून उठवून उभं केल्यासारखं वाटलं. ते वळून निघणार, तेवढ्यात बाईंनी पर्स उघडली. "अहो, नाटकाला काढता ना? मग इथे काय झालं?" दोन तिकिटं घेतली आणि सरांना पुढे घालून आत गेल्या. पाचवी रांग.

तिसरी घंटा झाली. हॉल निम्माही भरला नव्हता. रेणुकाने एकदा सगळ्या खुर्च्यांवरून नजर फिरवली आणि वाचायला सुरुवात केली. गोष्ट दोन बहिणींची. एका फ्लॅटमध्ये राहतात, पाण्याच्या टँकरवरून भांडतात आणि शेवटी धाकटी घर सोडून जाते. वाचन चांगलं झालं. लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या.

टाळ्या चालू असतानाच पडदा टाकायचा, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. मी विंगेतून खुणा करत होतो. पण ती पुढे येऊन म्हणाली, "कोणाला काही बोलायचं असेल तर ऐकायला आवडेल."

देवधर सर काठी टेकून उभे राहिले.

"तिकीट काढून आलोय, म्हणून बोलतो. धाकटी दार लावून निघून जाते, तिथे गोष्ट संपली. त्यानंतर बराच वेळ आपण ती आम्हाला समजावून सांगत होता. आम्हाला समजली होती."

रेणुकाचा चेहरा लाल झालेला मला विंगेतून दिसला. "पण सर, कट्ट्यावर हीच कथा वाचली तेव्हा आपण छान आहे म्हणालात."

"तिथे आपण पाहुण्या होता. पाहुण्याला काय सांगणार?"

कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि मग जो तो बोलायला लागला. एका बाईंचं म्हणणं, टँकरवाला खोटा वाटतो, तो एवढं गोड बोलत नाही, आमच्या सोसायटीत येऊन बघा. एका तरुणाला सुरुवात लांबलेली वाटली. दुसऱ्याने त्याला उलट सुनावलं की सुरुवातच चांगली आहे. एक वाजून गेला. पुण्यात रविवारी एक वाजता माणूस जेवणाच्या ताटावर असतो. हे लोक उठायला तयार नव्हते. मला मात्र तिची दया येत होती. पैसे घेऊन वर एवढं ऐकून घ्यायचं म्हणजे काय!

हॉल रिकामा झाल्यावर मी तिच्यासाठी पाणी घेऊन गेलो. "मनावर घेऊ नका. पुणेकर आहेत."

ती कागद गोळा करत होती. चेहऱ्यावर रडं नव्हतं, उलट चांगलीच तरतरी होती. "काका, मी इतकी वर्षं सॉफ्टवेअर केलं. फुकट वापरणारा माणूस 'नाइस ॲप' लिहून निघून जातो. पैसे मोजलेला क्लायंट फोन करून करून चुका दाखवतो. कारण त्याला ते वापरायचं असतं. दीड वर्ष मला नुसतं छान, छान ऐकू येत होतं. क्लायंट आज भेटले."

"पण हॉल निम्मा रिकामा होता."

"तो भरायला वेळ लागेल. शेवट मात्र आजच कापते."

मंगळवारची वाट न बघता तिने सोमवारीच कंपनीला नाही म्हणून कळवलं. मला ते धाडस वाटलं नाही, वेडेपणा वाटला. तसं मी तिला सांगितलंही. ती म्हणाली, पुढची तारीख बघा.

दोन महिन्यांनी त्याच हॉलमध्ये तीच कथा पुन्हा लागली. प्लॅनवर काट मारताना एक गोष्ट लक्षात आली. मागच्या वेळी उठून ज्यांनी चुका काढल्या होत्या, त्यांनीच सगळ्यात आधी बुकिंग केलं होतं, आणि बहुतेकांनी सोबत आणखी कोणाला तरी आणलं होतं. सांगितलेलं ऐकलंय की नाही ते त्यांना तपासायचं होतं. देवधर सरांनी तर शेजाऱ्यांचीही तिकिटं काढली. मी आयुष्यभर पासवर माणसं बसवली. त्यातलं कोणी पुढच्या वेळी आपणहून परत आल्याचं मला आठवत नाही. हॉल या वेळीही पूर्ण भरला नाही, पण कोरे चौकोन कमी झाले होते. खासनीसांनी पुन्हा पहिली रांग मागितली. त्यांना पुन्हा नाही म्हटलं.

दुसऱ्या घंटेनंतर मी टेबलाशी बसून एक तिकीट फाडलं, स्वतःच्या खिशातले पैसे काढून गल्ल्यात टाकले आणि आठव्या रांगेत जाऊन बसलो. व्यवस्थापकाला सगळं फुकट बघायला मिळतं. त्यामुळे इतक्या वर्षांत कलाकारांना "छान झालं" यापलीकडे मी कधी काही बोललो नव्हतो. तो माझा अधिकार नाही, असंच वाटायचं.

वाचन संपल्यावर मी हात वर केला. रेणुका गोंधळली. "काका? काही प्रॉब्लेम आहे का?"

"आहे," मी उभा राहून म्हणालो. "थोरली बहीण इतक्या लवकर माफ करत नाही. मी घरात थोरला आहे."

मागून कोणीतरी "बरोबर" म्हणालं. रेणुकाने पेन उघडलं आणि लिहून घेतलं.

पैसे वसूल झाले.