भातामागून वाल

शेती करणाऱ्याच्या घरात धान्य किती साठेल हे पावसावर असतं, पण किस्से मात्र हमखास साठतात. धान्याला निदान कीड लागते, किश्शांना तीही लागत नाही! उलट दरवर्षी बाहेर काढले की थोडे फुगलेलेच निघतात. मी फुगवणार नाही. म्हणजे, फारसं नाही.

मी सिल्व्हर पार्क नावाच्या शहरी वस्तीत राहणारी, अंधेरीच्या एका कंपनीत अकाउंट्स सांभाळणारी बाई. शेतीशी संबंध काय, तर कुंडीतली तुळस! पण दोन हजार सालानंतरची काही वर्षं आम्ही तिघांनी घोडबंदर रोडवरच्या वरसावे गावात हिरामावशींच्या चार एकरांत शेती केली. तिघं म्हणजे मी, आमच्याच बिल्डिंगमधले वाघमारे आणि जिग्नेशभाई. वाघमारे पोस्टात नोकरीला, मूळचे परभणीकडचे. जिग्नेशभाईंचं जेसल पार्कजवळ धान्याचं दुकान. करार एकदम साधा होता. बियाणं आणि मजुरी आमची, जमीन आणि अक्कल मावशींची, पीक निम्मं-निम्मं!

हे सगळं सुरू झालं वाघमारेंच्या मॉर्निंग वॉकमुळे. दिवाळी होऊन गेली होती. रविवारी वाघमारेंचं आणि माझं अशी दोन्ही कुटुंबं घोडबंदर रोडला फिरायला गेलो होतो. रस्त्याच्या कडेला भात कापून मोकळी झालेली खाचरं होती. वाघमारे बोलता बोलता थांबले, बांध उतरून सरळ एका शेतात गेले, वाकून ढेकूळ उचललं आणि मुठीत दाबलं. ढेकूळ फुटलं नाही, त्याचा लाडू झाला!

"अहो विजयाताई, बघा ही ओल! ह्या ओलीवर आमच्याकडे अख्खा हरभरा निघतो. आणि हे लोक भात कापून झोपलेत!"

मागून आवाज आला, "झोपले न्हाय. तुलाच बगतंय कवापास्नं!"

वळून बघतो तर काष्टा घातलेली, साठीची एक बाई कमरेवर हात ठेवून उभी.

"बिल्डरचा मानूस हाय का रं?"

"नाही हो मावशी, पोस्टातला आहे."

"मंग पत्र दे नि चालू पड!"

ह्या हिरामावशी. पुढच्या अर्ध्या तासात आम्ही त्यांच्या ओटीवर बसून चहा पीत होतो. वाघमारे त्यांना विचारत होते की पावसाळ्यात भात आणि मग सहा महिने जमीन पडीक, असं का? आणि मावशी त्यांच्याकडे, लहान मुलानं चंद्र का पडत नाही असं विचारल्यासारखं बघत होत्या.

त्यांचं कारण साधं होतं. गुरं!

भात निघाला की अख्खं गाव गुरं मोकळी सोडायचं. पूर्वी मावशींची सासू भातामागून वाल लावायची. पण हळूहळू एकेकानं सोडून दिलं. मग जी शेवटची राहिली तिच्या वालावर सगळ्या गावची गुरं तुटून पडली. "एकटीनं पेरला तर तो वाल न्हाय, चारा हाय," मावशी म्हणाल्या.

जिग्नेशभाईंना मी हे दुकानात जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "विजयाबेन, कडवा वाल म्हणजे सोना! गिऱ्हाईक मागतात, माझ्याकडे माल नाही. पण सोना गायीने खाल्ला, तर सोनार काय करेल?"

म्हणजे प्रश्न शेतीचा नव्हताच. सगळ्यांनी मिळून पेरलं तर कुणाचीच गुरं सुटणार नाहीत, आणि एकानं जरी नाही पेरलं तर सगळ्यांचं बुडणार. आधी कोण पेरणार? वाघमारेंनी पुढच्या वर्षी गावातल्या पुरुषांची मीटिंग घेतली. सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा प्यायले आणि घरी गेले.

मावशींनी मीटिंग घेतली नाही. नवरात्रात हळदीकुंकू केलं! शेजारच्या शेतवाल्या सगळ्या बायका आल्या. मावशींनी प्रत्येकीच्या ओटीत नारळाबरोबर वालाचं बियाणं घातलं आणि दारात उभं राहून सांगितलं, "ह्यो खायचा न्हाय, पेरायचा! देवीसमोर ओटीत घेतलाय. जी ह्याचं बिरडं करंल, तिनं माझ्या दारात येऊ नये!"

त्या वर्षी वरसाव्याच्या त्या पट्ट्यात एकही जनावर मोकळं सुटलं नाही. पुरुषांना कळेपर्यंत वाल उगवून वर आला होता!

आता वाघमारेंचा ज्वारीचा किस्सा. ते समोर असले की तो सांगू देत नाहीत.

वाल चांगला आल्यावर वाघमारेंना जोर चढला. पुढच्या वर्षी म्हणाले, थोडी ज्वारी लावू. मावशी म्हणाल्या, "हितं ज्वारी कुनी बगितली हाय?" वाघमारे म्हणाले, "म्हणूनच लावू!" पण एक मात्र खरं. त्यांनी हट्ट केला तो फक्त बांधाकडेच्या एका पट्टीपुरता. "आमचे वडील सांगायचे, नवीन पीक पाहुण्यासारखं असतं. पहिल्या दिवशी ओसरीवरच बसवायचं, घरात घ्यायचं नाही."

ज्वारी आली. काय आली म्हणता! पुरुषभर उंच, टपोरी कणसं. वाघमारे कणसाला हात लावून असे उभे राहायचे की जणू मुलीचं लग्न ठरलंय. आणि मग डोंगराकडून पोपट आले.

दोन-पाच नाही, थवेच्या थवे! आसपासच्या गावांत दुसरी ज्वारीच नाही, मग सगळ्या पाखरांना पत्ता एकच. वाघमारेंनी रजा टाकली. गोफण घेऊन, डोक्याला टॉवेल गुंडाळून दिवसभर "हुर्रर्र!" करत शेताभोवती पळायचे. रस्त्यानं मॉर्निंग वॉकवाले जायचे, ते थांबून टाळ्या वाजवायचे. एकानं तर विचारलं, "अंकल, ये कौनसा योगा है?"

शेवटी कणसांचे नुसते झाडू उरले. मावशी आल्या, पट्टी बघितली आणि शांतपणे म्हणाल्या, "ज्वारी तुझ्या गावची, पाखरं माझ्या गावची. कोन जिंकनार व्हतं?"

वाघमारे घाम पुसत म्हणाले, "पण मावशी, ओसरीवरच बसवलं होतं ना! घर तर वाचलं!"

खरंच वाचलं होतं. बाकीच्या शेतात वाल भरघोस होता, आणि त्या वर्षी भावही असा चढला की गावात ज्याच्या त्याच्या तोंडी वालच. पुढच्या वर्षी सगळे म्हणाले, आता इंच न् इंच वाल!

इथे आमच्यात पहिलं खरं भांडण झालं. मावशींना चारही एकर वाल हवा होता. वाघमारे म्हणाले, त्याच जमिनीत दरवर्षी तेच पीक आलं की रोगाला पक्कं घर मिळतं. अर्ध्यात हरभरा घेऊ. मावशी म्हणाल्या, "रोग बगितला न्हाय, भाव बगितलाय!" मी अकाउंट्सवाली, मलाही मनातून वालच हवा होता.

तेव्हा जिग्नेशभाई बोलले. एरवी ते शेतात यायचे ते बूट जपत. त्या दिवशी चिखलात बूट रुतवून उभे राहिले आणि म्हणाले, "मावशी, जो भाव सगळ्या गावाला दिसतोय, तो पुढच्या वर्षी कुणालाच दिसणार नाही. सगळे वाल आणणार. मी एकटा किती खाऊ?"

मावशी दोन दिवस वालाचंच बियाणं निवडत बसल्या. तिसऱ्या दिवशी हरभऱ्याचं बियाणं मागवलं.

आणि फेब्रुवारीत वालाचा भाव धाडकन पडला! शिवाय दोन शेतकऱ्यांच्या वालाला मर लागली, उभी झाडं सुकून गेली. आमचा हरभरा मात्र हिरवागार. त्याच्या जुड्या बांधून आम्ही रविवारी सकाळी सिल्व्हर पार्कच्या नाक्यावर टेम्पो उभा केला. जिग्नेशभाई एका लग्नाला निघाले होते, कोट घालून. ते त्या कोटातच टेम्पोवर चढले आणि ओरडायला लागले, "गावठी हरभरा! चलो, ताजा हरभरा!"

एवढ्यात आमच्या विंगमधल्या देशमुखवहिनी आल्या. माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या जुड्यांकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "अहो विजयाताई, तुम्ही नोकरीला होतात ना?"

"आहे ना! उद्यापासून!"

दुपारच्या आत टेम्पो रिकामा झाला. वहिनी तीन जुड्या घेऊन गेल्या, त्याही घासाघीस करून.

खरी मजा पुढेच. गावातले लोक पडलेल्या भावात वाल विकायला जिग्नेशभाईंच्या दुकानात आले. जिग्नेशभाईंनी सगळ्यांना चहा पाजला आणि सांगितलं, "आज विकू नका. वाळलेला वाल आहे, दूध नाही नासायला. राख लावून ठेवा. श्रावणात या."

लोक परत गेले, श्रावणात आले आणि बरा भाव घेऊन गेले. मी विचारलं, "भाई, स्वस्तात मिळत होता, का नाही घेतला?"

ते म्हणाले, "घेतला असता तर पुढच्या वर्षी कोण पेरणार होतं? पण बेन, हे कुठे बोलू नका. माझे पप्पा ऐकतील तर मला गल्ल्यावर नाही बसू देणार!"

भाताचं तर सांगायचंच राहिलं! वाल आणि हरभरा घेतलेल्या जमिनीत पुढचा भात असा काळपट-हिरवा, दाट आला की बांधावरून जाणारा माणूस थांबायचाच. शेजारचे दामूशेट एकदा थांबले ते हललेच नाहीत. त्यांनी आदल्या हंगामात गुरं बांधली होती, पण जमीन पडीकच ठेवली होती. त्यांचा भात पिवळा, आमचा हिरवा, मधे फक्त एक बांध.

"हिरे, खरं सांग. रातच्याला युरिया टाकलास ना?"

"टाकला ना," मावशी म्हणाल्या, "वालानं टाकला. मी तर झोपले व्हते!"

दामूशेटना ते पटलं नाही. वाघमारेंनी त्यांना बांधावर बसवून वालाची मुळं, त्यांवरच्या हवेतून खत बनवणाऱ्या गाठी, सगळं समजावलं. दामूशेटनी नीट ऐकून घेतलं आणि जाताना मावशींच्या कानाशी म्हणाले, "पोस्टवाल्याला बोलू दे. तू मला दुकानाचं नाव सांग!"

आता शेवटचा. हा मी नेहमी शेवटीच सांगते, कारण ह्याच्यानंतर दुसरा चालत नाही.

मावशींचा मुलगा अशोक ठाण्याला नोकरी करायचा. चांगला मुलगा, आईची काळजी असलेला. त्याला आमची शेती कधीच पटली नव्हती. एका वर्षी भात निघाल्यावर तो आम्हाला तोंडावर म्हणाला, "तुम्ही लोक हौशी. एक वर्ष सगळं गेलं तर तुम्ही सिल्व्हर पार्कला जाऊन पंख्याखाली झोपाल. आईनं काय करायचं? एक ट्रान्सपोर्टवाला ट्रेलर उभे करायला जमीन मागतोय. दर महिन्याला भाडं. पाऊस नाही, कीड नाही, पोपट नाहीत!"

वाघमारे म्हणाले, "अशोक, एकदा ट्रेलर फिरले की जमीन दगड होईल. वाल सोड, भातही येणार नाही."

"नाही आला तर तांदूळ विकत आणीन!"

त्याचं खोटं काय होतं? पीक हा भरवसा नसतो, भाडं असतं. आम्ही परत आलो. अशोकनं ट्रान्सपोर्टवाल्याला शब्द दिला. मावशींनी त्याला हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी उठून नेहमीसारखं पेरून टाकलं. अर्ध्यात वाल, अर्ध्यात हरभरा. मायलेकांचं बोलणं बंद झालं.

ट्रेलर यायचे ते लांबत लांबत माघात आले. रविवार होता, आम्ही तिघंही शेतावर होतो. हायवेवरून एकामागे एक तीन ट्रेलर वळले आणि बांधाशी येऊन धापा टाकत थांबले. अशोक पुढच्या ट्रेलरच्या केबिनमध्ये होता. मावशी शेताच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या. हातात काठीसुद्धा नाही. जिग्नेशभाईंनी माझा हात घट्ट धरला, इतका की मीच म्हटलं, "भाई, बांगडी!"

पहिल्या ट्रेलरचा ड्रायव्हर खाली उतरला. पिकलेल्या मिशांचा, उत्तरेकडचा माणूस. त्यानं शेताकडे बघितलं. डावीकडे वाल शेंगांनी लवलेला, उजवीकडे हरभरा घाट्यांनी भरलेला. तो बांध उतरला, उकिडवा बसला, एक घाटा तोडून सोलला आणि दाणा तोंडात टाकला.

"माताजी, धान के बाद चना?"

"हां," मावशी म्हणाल्या.

"हमारे यहाँ भी. मेरे पिताजी भी यही बोते थे." तो उठला आणि मागच्या दोघांना हाक मारून म्हणाला, "गाड़ी बंद करो रे! खड़ी फ़सल है. इस पर पहिया मैं तो नहीं चढ़ाऊँगा!"

तिन्ही इंजिनं बंद झाली. तिघं ड्रायव्हर बांधावर येऊन बसले. मावशींनी हरभऱ्याची झाडं उपटून एकेकाच्या पुढ्यात टाकली, वाघमारेंनी पालापाचोळा पेटवला, आणि बघता बघता हरभरा भाजायला लागला. अशोक ट्रेलरजवळ एकटाच उभा. कुणी त्याला बोलावलं नाही, कुणी हाकललं नाही. मग मावशीच उठल्या. भाजलेले घाटे हातावर चोळले, फुंकर मारून साल उडवली आणि ओंजळ त्याच्यापुढे धरली. किती तरी आठवड्यांनी बोलल्या,

"गरम हाय. खा."

अशोकनं खाल्लं. खाता खाता तिथेच बसला. हात काळे, ओठ काळे. तेवढ्यात त्याच्या खिशातला मोबाईल वाजला. ट्रान्सपोर्टवाला इतका मोठ्यानं बोलत होता की आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं.

"अरे अशोक, गाड़ी लगी कि नहीं? जगह ख़ाली है ना?"

अशोकनं आईकडे बघितलं, पुढच्या चार एकरांकडे बघितलं आणि भरल्या तोंडानं म्हणाला,

"नहीं सेठ. जगह भरी हुई है!"