दवाखान्याच्या वाटेवरची काटी

ती केस अजून डोक्यातून जात नाय. शाळेचं आन् माझं कधी जमलं नाय. शिपाई म्हणून लागलो, रेटत रेटत सहायक फौजदार झालो. हुशारीचं काम आलं की साहेब मला चहा सांगायला धाडायचे.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला जुन्या रस्त्यावर एक दगडी इमारत हाय. इंग्रजांच्या टायमाला जकात नाका, मंग सरकारी दवाखाना. हायवे लांबून गेला, दवाखाना पोलादपुरात हलला, आन् रिकाम्या इमारतीत आमची चौकी आली.

डोंगरातून हायवेला उतरणाऱ्या पायवाटेला जिथं आमच्याकडं फाटा फुटतो, तिथं कोणतरी सारखी करवंदीची काटेरी फांदी आडवी टाकायचा. आम्ही उचलायचो, तो परत टाकायचा. एकदा घसरून मी तिच्यावरच बसलो. शिपाई काटे काढत म्हणाला, "काका, सरकारी मालमत्तेचं नुकसान झालं."

चहावाल्यानं खबर दिली, एक म्हातारा कोयता घेऊन येतो. सकाळीच धरला. फांदी पंचनाम्याला उचलून आणली, त्याला बेडी घालून बाकड्यावर बसवला.

"वाट अडवतोस? कोणावर राग हाय रे?"

"राग नाय सायेब. काटी टाकली म्हंजी ह्या वाटंनं जाऊ नको."

"चौकीत येऊ नको?"

"दवाखान्यात येऊ नको."

मी हसलो. "भायर एवढा बोर्ड हाय ना!"

"वाचता कोणाला येतंय? बायकोला नाग डसला. डोलीत घालून हितंच आणली. तुमचा शिपाय म्हणाला, दवाखाना गेला."

"मंग?"

"मंग काय. तीबी गेली."

तेवढ्यात भायरून हाक आली, "डाक्टर हायत काय?" पल्याडच्या वाडीतली चार माणसं, खांद्यावर डोली, आत अडलेली बाळंतीण. त्यांना वाटेत अडवायला त्या दिवशी काटी नव्हती. ती माझ्या टेबलाखाली होती.

म्हातारा उठला. "सायेब, बेडी काढा. खांदा देतो."

चौकीला गाडी नाय. फोनला रेंज नाय. हायवेच्या दिशेनं उलटे निघालो. मीपण खांदा लावला, पण माझं पोट माझ्या पुढं चालत होतं. वाटेत पोरीचं कण्हणं थांबलं.

"झोपली वाटतं," तिचा सासरा म्हणाला.

म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं. खांदा बदलायला हवा होता, पण डोली खाली ठेवा म्हणायला कोणाची जीभ रेटेना.

म्हाताऱ्यावर गुन्हा नोंदवला नाय. पुढं चौकीपण हलली. आता तिथं विश्रामगृह हाय, पाहुणे फोटो काढतात. ह्या केसनं मला एवढंच शिकवलं: सरकार बिऱ्हाड हलवतं, पण डोंगर चढून ते सांगाया कोण जात नाय. मी तरी कुठं गेलो? माझा दम पहिल्याच चढाला सुटतो. आन् वरच्या वाड्यांत अजून कोणाच्या जीवावर बेतलं, की त्यांना खाली दवाखानाच दिसतो.