लाल गोळ्याची कॅसेट

साल एक्याऐंशी की ब्याऐंशी, नक्की आठवत नाही. जपानी पाहुणे तीन होते की चार, याचीही आता खात्री देववत नाही. पण फजिती मात्र खरी. अख्खा कारखाना साक्षीला आहे!

खोपोलीजवळ साजगावच्या एका कारखान्यात मी नवाच लागलो होतो. रसायनशास्त्रातली डॉक्टरेट, पण नोकरी कच्ची. नव्या यंत्रांच्या करारासाठी जपानी येणार होते. मॅनेजरसाहेबांनी बजावलं, "डॉक्टर, आधी त्यांचं राष्ट्रगीत वाजलं पाहिजे. गडबड झाली तर कायम व्हायचं विसरा."

जपानचं राष्ट्रगीत खोपोलीत कुठे मिळतं, सांगा बरं!

मागच्या खेपेचा एक जपानी इंजिनिअर गेस्ट हाउसात कॅसेट विसरून गेला होता. वर सगळी जपानी अक्षरं, मधोमध लाल गोळा. गोळा म्हणजे झेंडा, झेंडा म्हणजे राष्ट्रगीत! एवढा तर्क करायला डॉक्टरेट लागते हो. थोडी वाजवूनही पाहिली. संथ, गंभीर पियानो. मी ताठ उभा राहिलो आणि लगेच बंद केली. राष्ट्रगीत का उगाच वाजवायचं असतं?

पाहुणे आले. मी बटण दाबलं. सगळे उभे. पियानो वाजला... आणि एकदम ड्रम! गिटार! सॅक्सोफोन!

बंद करावं? पण राष्ट्रगीत मध्येच कसं तोडायचं? आणि ते नसलंच तर?

मागे कडावचा फिटर गणपत शेजाऱ्याला कुजबुजला, "काय रं, देस येवढासा नि गाणं येवढं?"

"गप उबा ऱ्हा रं. सायेब बगतोय."

"आरं, पन पाय भरलं ना!"

म्हातारा पाहुणा बसायला वाकला, आम्हाला ताठ पाहून बिचारा पुन्हा सरळ झाला. गाणं संपलं. सगळे टेकले. तोच दुसरं सुरू! सगळे परत उभे!

शेवटी तरुण पाहुण्याला राहवेना. तो इंग्रजीत म्हणाला, "आमचा हा जॅझ फ्यूजन बँड तुम्हाला इतका आवडतो? कॉलेजातल्या मित्रांनी काढलाय. नुकताच ड्रमर बदलला त्यांनी. पण आमच्याकडे तो बसूनच ऐकतात."

साहेब ओठ न हलवता म्हणाले, "डॉक्टर, बंद करा."

घाबरून मी भलतंच बटण फिरवलं. आवाज दुप्पट झाला.

पुढे कितीतरी वर्षांनी नातवाकडून खात्री करून घेतली. जपानचं राष्ट्रगीत जेमतेम मिनिटभराचं आहे. तो बँड मात्र अजून वाजवतोय. ड्रमर बदलले, कीबोर्डवाले बदलले, मध्ये काही वर्षं बंद पडला, पुन्हा उभा राहिला. आमच्या कारखान्याचीही चौकशी केली. त्या दिवशी उभे असलेले सगळे निवृत्तीपर्यंत तिथेच टिकले.

ड्रमरसारखा बदलला तो एकटा मी.