माशाचं डोकं कुणाचं
आपेनिसामामांचा कुत्रा बुलू नुसत्या उकडलेल्या कसाव्याच्या कंदांवर जगत होता. त्याचे केस झडले, बरगड्या दिसू लागल्या. सुवा शहरातून आलेली जनावरांची डॉक्टरीण म्हणाली, "असा जगायचा नाही हा. खर्च नको, माशाचं डोकं उकडून, काटे काढून घाला."

मामा नाकातून गुरगुरले, "आमच्यात डोकं घरातल्या थोरल्याला वाढतात, बाई."

"मग थोरल्यासारखं वागा आणि सोडा," माकेरेतामामी म्हणाली.

तेव्हापासून मामा शेपटीकडचा तुकडा मुकाट खातात. डोक्याचे काटे स्वतः वेचतात, एखादा डोळा मात्र गुपचूप चोखतात. बुलूची पाठ आता चकाकते.

जेवायच्या वेळी मामी अंगणात हाक मारते, "थोरले, पान वाढलंय."

पहिल्या दिवशी मामाच उठले होते. आता ते जागचे हलत नाहीत.